तोड्याचं सोंग

मुकादम वरच्या रानात सहसा येत नसे. जळवांची त्याला किळस होती. त्या दिवशी तो पँटचे पाय मोज्यांत खोचून, हातात काठी घेऊन, धापा टाकत चढून आला तेव्हा ओंडक्या एका जुन्या झाडाच्या पाठीला शेवटचा काप घालत होता. पुढच्या अंगाला, जिकडे झाड पाडायचं तिकडे, खाच घेऊन झाली होती. ओंडक्यानं करवतीची मशीन बंद केली, खाली ठेवली आणि कापात पाचर ठोकायला घेतली.

"ओंडक्या, उद्यापासून दुपारी तीनला शाळेत जायचं," मुकादम म्हणाला.

"शाळेत? आमच्या भिंगरीनं काही केलं का?"

"तिनं काही केलं नाही. तुलाच करायचंय. नाटकात काम."

मशीनच्या आवाजानं आपले कान बसलेत असं ओंडक्याला वाटलं. त्यानं पाचरेवर आणखी दोन घाव घातले. झाडाच्या पोटात कुठंतरी कडकडलं.

"बाजूला व्हा," तो म्हणाला.

"अरे, मी काय सांगतोय—"

"बाजूला व्हा म्हणतो ना!"

मुकादम काठी टाकून पळाला. झाड आधी नुसतं हललं, मग सावकाश कललं आणि आजूबाजूच्या वेली, फांद्या, घरटी ओढत खाली गेलं. जमीन हादरली. पाला कितीतरी वेळ पडत राहिला. ओंडक्यानं मान खाली घालून शर्टाच्या बटणांशी खटपट केली. मशीन दिवसभर धरली की त्याची बोटं पांढरी पडत, मेल्यासारखी होत. बटण त्याला सापडेना.

"मालकांनी सांगितलंय," मुकादम लांबूनच ओरडला. "मी नाही."

अंगानं जाड, बोलायला कमी, म्हणून सगळे त्याला ओंडक्या म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण मुकादमही हाक मारताना ते वापरत नसे. बावीस वर्षं तो वखारीसाठी झाडं तोडत होता. गेल्या साली वरच्या उताराची दरड सुटली, अख्खी टेकडी ओढ्यात उतरली आणि खालच्या गावांचं पाणी चार महिने गढूळ राहिलं. वर्तमानपत्रांत फोटो आले. तेव्हापासून वखार अर्धीच चालत होती. निम्मी माणसं घरी बसवली होती, आणि जे राहिले ते मुकादमाशी नीट बोलत होते.

त्यानंतरच मालकांना शाळेची आठवण झाली. त्यांनी शाळेला नवे पत्रे दिले, पेटी दिली, आणि शहरातून गाण्याच्या बाई आणल्या. बाईंनी मुलांचं संगीत नाटक बसवायला घेतलं. विषय होता वर्षावन वाचवा. हा शब्द वस्तीत कुणी ऐकला नव्हता. ओंडक्याच्या लेकीनं, भिंगरीनंच एकदा घरी येऊन सांगितलं, "आपण वरचं रान म्हणतो ना, तेच. बारा महिने ओलं असतं ते वर्षावन."

"मग आम्ही इतकी वर्षं तिथंच होतो की," ओंडक्या म्हणाला होता, आणि तिघंही हसली होती.

त्या संध्याकाळी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. वखारीच्या चाळीतली त्यांची एकच खोली. भिंगरीची आई दारात बसून गोणपाटावर कापडाची पानं शिवत होती. दिवसा ती वखारीत ओंडक्यांची सालं सोलायची, त्यामुळे तिच्या बोटांना चिरा पडलेल्या असत आणि सुई धरताना ती दर टाक्याला "स्स" करायची. गोणपाटाचा तो झगा भिंगरीचा होता. नाटकात भिंगरी रानातलं सगळ्यात जुनं झाड होती. झाडाचं गाणं शेवटचं आणि सगळ्यात मोठं, आणि ते तिलाच मिळालं होतं, कारण तिच्यासारखा गळा शाळेत दुसऱ्या कुणाचा नव्हता.

"मला कुणाचं काम दिलंय?" ओंडक्यानं विचारलं.

भिंगरी भिंतीकडे तोंड करून गुणगुणत होती, ती थांबली.

"तोड्याचं," ती म्हणाली. "आधी आमच्या वर्गातली एक मुलगी करत होती, तिला सगळे गुटगुटीत म्हणतात. काल मालक तालमीला आले. म्हणाले, ही पोरगी कुऱ्हाड धरतेय की छत्री? आपल्याकडे खरे लाकूडतोडे आहेत की! बाई काही बोलल्या नाहीत."

"आणि त्या तोड्याला करायचं काय असतं?"

भिंगरीनं आईकडे पाहिलं. आईनं दोरा दातानं तोडला.

"सांग की गं. आज ना उद्या कळणारच आहे."

"मला तोडायला येतो. मग मी गाणं म्हणते. मग सगळी झाडं, पक्षी, माकडं त्याच्याभोवती गोल धरतात. मग तो गुडघ्यावर बसतो आणि माफी मागतो."

"गाण्यात काय आहे?"

"आहे काहीतरी."

"म्हण."

ती नको नको म्हणत होती, पण एकदा सूर लागला की तिला मागे फिरता येत नसे. ती उभी राहिली, हात फांद्यांसारखे पसरले, आणि त्या एवढ्याशा खोलीत तिचा आवाज पत्र्याला जाऊन लागला:

"जा रे जा, मारेकऱ्या, हात तुझे लाल,
माझ्याच सावलीत निजलास, विसरलास काल?"

शेजारच्या खोलीतला माणूस भिंतीवर थाप मारून म्हणाला, "वा, भिंगरे!"

ओंडक्या आपल्या हातांकडे बघत होता. "चीक लाल नसतो," तो एवढंच म्हणाला. "काळा पडतो."

दुसऱ्या दिवशी तीन वाजता तो रानातून थेट शाळेत गेला. हात धुतले होते, पण बुटांचा चिखल निघाला नव्हता, म्हणून तो दाराशीच उभा राहिला. गाण्याच्या बाई लहानखुऱ्या, चष्म्याच्या, सारख्या घाईत असलेल्या. त्यांनी त्याला आत बोलावलं, खुर्ची दिली. खुर्ची मुलांची होती. तो बसला तसे त्याचे गुडघे छातीला लागले आणि चाळीस मुलं एकदम फिसकली. भिंगरी हसली नाही. ती खिडकीबाहेर बघत होती.

"काका, तुम्ही असं यायचं," बाई म्हणाल्या. "झाडाकडे बघायचं, मोठ्यानं हसायचं आणि रागानं कुऱ्हाड उगारायची."

"रागानं कशाला?"

"तोड्या वाईट आहे ना."

"रागानं तोडलं तर झाड अंगावर येतं, बाई. आधी त्याच्याभोवती फिरायचं असतं. वजन कुठल्या अंगाला आहे, वर वेली कुठं अडकल्यात, सगळं बघायचं असतं."

बाईंनी चष्मा वर सरकवला. "ते खरं असेल, काका. पण प्रेक्षकांना कळायला हवं."

मग त्यांनी त्याच्याकडून हसू काढायचा प्रयत्न केला. "हा हा हा" असं पोटातून. त्याला ते जमेना. तो खोकल्यासारखा आवाज काढी आणि मुलं गडबडा लोळत. सातव्या आठव्या वेळी बाईंनी हसणं काढून टाकलं. गुडघ्यावर बसणं तेवढं पहिल्याच खेपेला जमलं, कारण रानात बुंध्याशी तसंच बसावं लागे. वाक्य एकच होतं: "मला माफ करा, मी चुकलो." चाळीस मुलं भोवती आणि समोर आपली पोर गोणपाटाचा झगा घालून उभी, तिच्याकडे मान वर करून हे म्हणताना ओंडक्यानं नजर झग्यावरच्या पानांवरच ठेवली. भिंगरीनंही त्याच्याकडे न बघता त्याच्या डोक्यावरून समोरच्या फळ्याकडे पाहिलं.

तालीम संपल्यावर तो मागं रेंगाळला.

"बाई, एक विचारू? मालकाचं सोंग कोण करतंय?"

"मालकाचं?" बाई वह्या गोळा करत होत्या. "नाटकात मालक नाही."

"मग तोड्याला पाठवलं कुणी?"

"लोभानं. तो काळा झगा घातलेला मुलगा आहे ना, तो लोभ."

"लोभ आमची हजेरी घेत नाही, बाई."

बाईंच्या हातातली वही खाली पडली. ती उचलायला दोघंही वाकले. बाईंनी ती घेतली, छातीशी धरली, आणि दाराकडे एक नजर टाकून हळूच म्हणाल्या, "मी लिहिला होता तो प्रवेश. वाचून दाखवला तेव्हा मालक म्हणाले, मुलांना एवढं किचकट कशाला? काका, मीही त्यांच्याच नोकरीत आहे."

ओंडक्यानं मान हलवली. बाईंचा त्याला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं.

तो तसाच मुकादमाकडे गेला. मुकादम वखारीच्या दारात लाकडांवर खडूनं आकडे घालत होता.

"मला नाही जमायचं ते. दुसरा कुणी बघा."

मुकादमानं खडू कानामागे अडकवला. "हे बघ, मी तुझ्यावर ओरडत नाही. घरी बसवलेल्यांपैकी अकराजण रोज सकाळी माझ्या दारात उभे असतात. त्यांतल्या कुणालाही सांगितलं की नाच, तर तो नाचेल. त्याला मशीनही मिळेल आणि चाळीतली खोलीही. तुझी." मग त्यानं ओंडक्याच्या खांद्यावरचा भुसा झटकला, अगदी मायेनं. "अर्ध्या तासाचं तर काम. लोक हसतील, तूही हस."

घरी आल्यावर त्यानं हे बायकोला सांगितलं नाही. तिनंच आपणहून दुसरी गोष्ट काढली.

"बाई आल्या होत्या. शहरात गाण्याची शाळा आहे. राहायला, जेवायला तिथंच. मालकांची संस्था दरवर्षी एक मूल पाठवते. नाटक नीट झालं तर भिंगरीचं नाव सांगणार म्हणाल्या."

"कधी?"

"नाटक झालं की. अहो, ऐकताय ना? ती इथून बाहेर पडेल. तिला सालं सोलावी लागणार नाहीत." तिनं आपले दोन्ही हात त्याच्यापुढे उघडे धरले. चिरांमध्ये सालीचा काळपट रंग कायमचा बसला होता. "तुम्ही फक्त गुडघ्यावर बसायचं. बाकी काही नाही."

"ती मला मारेकरी म्हणते."

"गाण्यात म्हणते. म्हणू दे."

भिंगरी परसात नळावर होती. बादली कधीच भरून वाहत होती, पण नळ बंद झाल्याचा आवाज आला नाही.

नाटकाच्या दिवशी वखारीला दुपारनंतर सुट्टी दिली. मंच वखारीच्याच अंगणात बांधला होता, नव्या फळ्यांचा, आणि फळ्यांना अजून ओल्या लाकडाचा वास होता. मागे रंगवलेलं रान. पुढं खुर्च्यांवर मालक, त्यांच्या घरचे, शहरातले पाहुणे, कॅमेरेवाले. मागं चाळीतली माणसं उभी. आदल्या दिवशी मालकांना एक कल्पना सुचली होती. कुऱ्हाड नको, खरी मशीन आणा. साखळी काढून ठेवा, आवाज मात्र खरा येऊ द्या.

ओंडक्या मंचावर आला आणि त्यानं दोरी खेचून मशीन सुरू केली. पुढच्या खुर्च्यांवरच्या बायकांनी कानांवर हात ठेवले. पक्ष्यांची सोंगं घेतलेली दोन लहान मुलं खरोखरच रडायला लागली. तो सवयीनं झाडाभोवती फिरला, वर बघितलं, वजन बघितलं. झगा घातलेली भिंगरी मशीनकडे बघत होती. साखळी काढलेली आहे हे तिला ठाऊक होतं, घरी त्यानं तिला दाखवलंही होतं, तरी तिचे ओठ पांढरे पडले होते. त्यानं मशीन बंद केली. त्या शांततेत ती गायला लागली.

तसं ती आधी कधीच गायली नव्हती. मागं उभी असलेली माणसं पुढं सरकली. "मारेकऱ्या" म्हणताना तिचा आवाज चिरकला नाही, उलट उंच गेला आणि तिथंच राहिला. ओंडक्याचे गुडघे आपोआप टेकले. "मला माफ करा," तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य बाहेर पडेना. नाक वाहायला लागलं. त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "मी चुकलो."

टाळ्यांचा पाऊस पडला. मालक उभे राहिले, म्हणून सगळे उभे राहिले. मालकांनी मंचावर येऊन एक रोप लावलं, कुंडीत. मग ओंडक्याच्या पाठीवर थाप मारून कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले, "माणूस बदलू शकतो. हा बघा पुरावा." दुसऱ्या दिवशी सकाळी हा पुरावा साडेसहाच्या ट्रकनं वरच्या रानात गेला. पावसानं वाट बंद व्हायच्या आत चाळीस मोठी झाडं खाली आणायची होती. ट्रकमध्ये कुणीतरी मागून हाक मारली, "काय मारेकरी, सरकून बसा!" सगळे हसले. त्या दिवसापासून ओंडक्या हे नावही गेलं.

आठवड्यानं निरोप आला. नाटक एवढं गाजलं की मालकांनी ते खालच्या बारा गावांत न्यायचं ठरवलं, दर रविवारी एक. जिथं दरडीचा चिखल गेला होता तीच गावं. मुलं आणि सामान वखारीच्या ट्रकमधूनच जाणार.

भिंगरीच्या आईनं बाईंना रस्त्यात गाठलं. "आणि शहरातल्या शाळेचं?"

बाई चष्मा पुसत राहिल्या. "मी विचारलं. ते म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. आत्ता झाडच गेलं तर नाटक कसं होणार?"

"पुढच्या वर्षी नक्की?"

"बाराही प्रयोग नीट झाले तर," बाई म्हणाल्या. "तेवढं सांभाळा."

तेवढं सांभाळणं ओंडक्याच्या वाट्याला आलं. सहा दिवस रान, सातव्या दिवशी माफी. पहिल्या गावात लोकांनी नुसतंच पाहिलं. दुसऱ्या गावात एक म्हातारी प्रयोगानंतर त्याच्यापाशी आली, त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "माझं शेत तुझ्या चिखलाखाली आहे." हे नुसतं सोंग आहे असं तिला सांगण्यात अर्थ नव्हता, कारण तिचं म्हणणं खरंच होतं. टेकडीच्या त्या उतारावर त्यानंच मशीन चालवली होती.

तिसऱ्या गावात ढेकळं आली. तो गुडघ्यावर बसला होता आणि पहिलं ढेकूळ त्याच्या मानेवर फुटलं. दुसरं कानावर. पुढं बसलेली शाळेची पोरं चेकाळली होती, मोठी माणसं त्यांना आवरत नव्हती. भिंगरी गाणं सोडून पुढं धावली, झग्याचे फांद्यांचे हात पसरून त्याच्यापुढं उभी राहिली आणि किंचाळली, "मारू नका! माझे बाबा आहेत ते!"

ढेकळं थांबली. मग कुणीतरी टाळी वाजवली. झाड तोड्याला वाचवतंय, झाड त्याला बाप म्हणतंय, काय सुंदर लिहिलंय! सगळं मैदान टाळ्या वाजवायला लागलं. बायका डोळे पुसत होत्या. भिंगरी ओरडतच होती, "खरंच! खरंच माझे बाबा आहेत!" आणि ती जितकी ओरडे तितक्या टाळ्या वाढत.

सोमवारी मालकांचा निरोप आला. ते वाक्य चांगलं आहे, दर वेळी ठेवा.

त्यानंतर भिंगरी घरात गाईनाशी झाली. शाळेतून यायची, आईला पाणी भरून द्यायची, अंथरुणावर पालथी पडायची. बाप मानेला लागलेला मार दाखवत नव्हता, ती विचारत नव्हती. एकदाच ती म्हणाली, "बाबा, मी तापाचं नाटक करू? आजारी पडले तर?"

"मग गुटगुटीत करेल झाडाचं काम," तो म्हणाला. "आणि शहरात ती जाईल. मी तर गुडघ्यावर बसेनच."

चौथ्या गावचा रविवार आला. नदीकाठचं मोठं गाव, मंच बाजाराच्या ओट्यावर, लोक पार रस्त्यापर्यंत. पुढच्या रांगेत मालकांचे शहरातले पाहुणे होते, आणि बाईंनी कानात सांगितलं होतं की त्यांतल्या एक बाई त्या गाण्याच्या शाळेच्याच आहेत. ओंडक्यानं मशीन सुरू केली, फिरला, वर बघितलं, बंद केली. पेटीवर बाईंनी गाण्याचा सूर दिला.

भिंगरी गायली नाही.

बाईंनी सूर पुन्हा दिला. भिंगरी हात पसरून उभी होती, डोळे बापावर. या वेळी ती त्याच्या डोक्यावरून बघत नव्हती. तिच्या गळ्याची शीर हलत होती, पण आवाज नव्हता. पुढच्या रांगेत कुणीतरी घड्याळ पाहिलं. मंचाच्या कडेला उभ्या मुकादमानं हातानं "काय?" असं विचारलं. लोभाच्या काळ्या झग्यातला मुलगा जांभई देत होता.

ओंडक्या एक पाऊल पुढं झाला. प्रेक्षकांकडे पाठ केली आणि तिच्या झग्यावरचं एखादं पान बघत असल्यासारखा वाकला.

"जा रे जा," तो पुटपुटला.

तिनं मान हलवली. नाही.

"जा रे जा, मारेकऱ्या," तो म्हणाला. त्याला सूर नव्हता, फक्त शब्द पाठ होते. "म्हण, बाळा. हात तुझे लाल. म्हण ना."

"तुम्ही नका सांगू," ती ओठ न हलवता म्हणाली.

"मग कोण सांगणार? म्हण. त्या बाई बघतायत. म्हण लवकर."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याबरोबर आवाज आला. आधी फाटका, मग भरून, मग उंच. तो दोन पावलं मागं सरकला, ठरल्या जागी गुडघे टेकले. गाणं ओट्यावरून रस्त्यावर आणि रस्त्यावरून नदीपर्यंत गेलं असेल. शहरातल्या बाई खुर्चीच्या कडेला आल्या होत्या. मुलांनी त्याच्याभोवती गोल धरला. त्यानं माफी मागितली, नीट, एकही शब्द न गाळता. भिंगरी पुढं आली, त्याच्यापुढं हात पसरून उभी राहिली आणि ते वाक्यही म्हणाली, ठेवायला सांगितलेलं, "माझे बाबा आहेत ते," इतक्या हळू की टाळ्या वाजवायच्या आधी लोकांना कान द्यावा लागला.

मग पडदा यायला हवा होता. दोन मुली दोऱ्या ओढत होत्या, पण पडद्याची कडी कुठंतरी तारेत अडकली होती. अर्धा पडदा आला आणि थांबला. मुकादम शिडी आणायला ओरडत पळाला. "हलू नका कुणी!" बाई पेटीमागून दबक्या आवाजात म्हणाल्या. "तसेच राहा!"

लोक टाळ्या वाजवत होते, त्या थांबल्या, मग काय करावं न कळून पुन्हा सुरू झाल्या. बाप गुडघ्यावर, हात जोडलेले. लेक त्याच्यापुढं, हात पसरलेले, आणि ते भरून येऊन खाली यायला लागले की ती पुन्हा वर धरी. शिडी येत नव्हती. दोघं तसेच राहिले.